शंभर लिटरचा समुद्र: घरात पहिला रीफ टँक लावताना

घरी येणारा प्रत्येक पाहुणा माझ्या रीफ टँकसमोर, म्हणजे जिवंत प्रवाळ (कोरल) आणि समुद्री मासे असलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीसमोर, उभा राहतो आणि हमखास विचारतो, "पाणी कुठून आणता हो? जुहूहून?"

नाही. आपल्या किनाऱ्याचं पाणी गढूळ असतं, शहराचं सांडपाणी त्यात मिसळतं आणि पावसाळ्यात नद्यानाल्यांचं गोडं पाणी येऊन खारटपणाही हलतो. टँकमधलं पाणी मी घरीच बनवतो. गच्चीवर असतं तसं निळं पिंप, त्यात गाळलेलं पाणी आणि रीफचं मीठ. त्या पिंपाकडे कोणी बघत नाही, सगळे माशांकडे बघतात. नवखा माणूस पैसेही असेच खर्च करतो: आधी मासे, मग झगमगीत दिवा, आणि उरलंच तर पाणी. हा क्रम उलटा करा. शंभर लिटरच्या टँकला दोनच गोष्टी बहुतेक वेळा मारतात, घाई आणि उकाडा. पुढचं सगळं त्या दोघांना आवर घालण्यासाठी आहे.

काच आणि जागा

फार छोटा टँक सोपा वाटतो, पण तो अवघड असतो. २५ लिटरच्या टँकमध्ये एक मासा मेला तरी पाणी नासतं, पंखा बंद पडला तर तासाभरात तापतं. मी २ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच हे माप सुचवेन. हिशोबाने त्यात १२७ लिटर मावतात, पण वर बोटभर मोकळी जागा, आत दगड आणि वाळू धरून खरं पाणी १०० लिटरच्या आसपास राहतं. काच ८ मिलिमीटरची घ्या. काचवाल्याला एकच गोष्ट बजावून सांगा: बाथरूमचं सिलिकॉन वापरू नको. त्यात बुरशी मारणारं रसायन असतं, ते माशांना सोसत नाही.

पाणी, काच, दगड, वाळू मिळून दीडशे किलोच्या वर वजन जातं. त्यामुळे पुस्तकांच्या फळीवर किंवा टीव्हीच्या टेबलावर हा संसार मांडू नका. भिंतीलगत, शक्यतो तुळईजवळ, पावडर कोटिंग केलेला लोखंडी स्टँड ठेवा. साध्या रंगाचं लोखंड वर्षभरात गंजतं. टँकखाली फोमची शीट टाका आणि पाणसळ लावून बघा. खिडकीतलं ऊन थेट पडेल अशी जागा टाळा. शेवाळाचं सोडा, पाणीच तापेल.

विजेचा बोर्ड टँकच्या खाली नको, बाजूला आणि उंचावर हवा. प्रत्येक वायरला बोर्डाआधी खाली झोळ द्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी त्या झोळाच्या तळाला टपकतं, सॉकेटमध्ये शिरत नाही. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) लावूनच घ्या. खारं पाणी विजेला फार लाडकं असतं, आणि बोर्डावर महिन्याभरात जी पांढरी पूड दिसते ते उडालेलं मीठ असतं. मी ती दर रविवारी कोरड्या फडक्याने पुसतो.

आधी उकाड्याचं बघा

रीफला २५ ते २६ अंश सेल्सिअस मानवतं. २७ चालतं. ३० च्या पुढे पाणी दिवसेंदिवस राहिलं की कोरलच्या अंगात राहणारं सूक्ष्म शैवाल बाहेर फेकलं जातं आणि कोरल पांढरं पडतं. लक्षद्वीपच्या समुद्रात १९९८, २०१० आणि २०१६ साली हेच मोठ्या प्रमाणात झालं. तिथे पाणी अथांग, तरी ही गत. तुमच्या दिवाणखान्यात मे महिन्याच्या दुपारी ३३ अंश असतात आणि पाणी आहे शंभर लिटर.

इथे गावागावाचा फरक कळतो. पाण्याच्या पृष्ठभागावर पंखा सोडला की बाष्पीभवनाने पाणी थंड होतं, माठातलं होतं तसंच. नागपूर-छत्रपती संभाजीनगरकडच्या कोरड्या हवेत हा उपाय झकास चालतो. पुण्यातही उन्हाळ्यात काम होतं. पण मुंबई-ठाण्यात, रत्नागिरीत, पणजीत हवाच इतकी दमट असते की पंखा फार तर दोन अंश उतरवतो, आणि जूनमध्ये तेवढंही नाही. किनारपट्टीवर राहत असाल तर १/१० अश्वशक्तीचा चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र, घ्या. संपूर्ण सेटअपमध्ये हीच सगळ्यात महाग वस्तू, म्हणून लोक ती शेवटी घेतात. काचेच्या आधी तिचे पैसे बाजूला काढा. स्वस्तातले छोटे थर्मोइलेक्ट्रिक चिलर १०० लिटरला पुरत नाहीत. आणि चिलर बंद कपाटात ठेवू नका, तो स्वतःच गरम हवा बाहेर टाकतो.

एसीच्या खोलीत टँक ठेवायचा विचार असेल तर एक लक्षात घ्या: दारं-खिडक्या रात्रभर बंद, आत तीन-चार माणसं, म्हणजे हवेत कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि पाण्याचा पीएच उतरतो. सकाळी खिडकी उघडी ठेवली की तो पुन्हा वर येतो. हीटर मुंबईत जवळजवळ लागत नाही. नाशिक-पुण्याच्या थंडीसाठी १०० वॅटचा एक ठेवा.

पाणी बनवणं

घरच्या प्यायच्या आरओचं पाणी वापरू नका. बहुतेक यंत्रांत चवीसाठी थोडं मूळ पाणी परत मिसळतात किंवा खनिजं घालतात, त्यामुळे टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, ५०-६० सहज दाखवतो. त्यात सिलिकेट आणि फॉस्फेट असलं की शेवाळाची चंगळ. आपल्याला टीडीएस शून्य हवा. त्यासाठी सेडिमेंट, कार्बन, आरओ मेम्ब्रेन आणि शेवटी डीआय रेझिन (उरलेसुरले क्षार शोषणारे दाणे) अशी साखळी लागते. टीडीएस मीटर काही शे रुपयांत मिळतो, तो आधी घ्या. बोअरचं पाणी असेल तर रेझिन लवकर संपेल, याची तयारी ठेवा. यंत्रातून जे पाणी वाया जातं ते बादलीत धरा, लादी पुसायला चालतं.

आता मीठ. स्वयंपाकघरातलं नाही, मिठागरातलं जाडं मीठही नाही. रीफसाठीच्या मिठात सोडियम क्लोराइडबरोबर कॅल्शिअम, मॅग्नेशिअम, कार्बोनेट असं सगळं मोजून घातलेलं असतं. लिटरला साधारण ३६ ते ३८ ग्रॅम लागतं, म्हणजे १०० लिटरला पावणेचार किलो. पिंपात आधी पाणी, त्यात चालू पंप, आणि मग मीठ थोडं थोडं, भाकरीच्या पिठात पाणी घालावं तसं हात राखून. उलट केलंत, म्हणजे मिठावर पाणी ओतलंत, तर कॅल्शिअम कार्बोनेटचा पांढरा साका तळाशी बसतो आणि तो पुन्हा विरघळत नाही. रात्रभर ढवळू द्या.

खारटपणा रिफ्रॅक्टोमीटरने मोजा. हजार भागांत ३५ हवा, म्हणजे सापेक्ष घनता १.०२५ ते १.०२६. यंत्र ३५ च्या प्रमाणित द्रावणावर जुळवून घ्या. नुसतं शुद्ध पाण्यावर शून्य दाखवलं म्हणजे ३५ वर बरोबर दाखवेलच असं नाही. माझा पहिला रिफ्रॅक्टोमीटर दोन अंक कमी दाखवत होता, आणि मी तीन महिने ३७ च्या पाण्यात मशरूम कोरल सुकवत बसलो होतो.

आणि नवख्याची हमखास चूक. टँकमधून रोज लिटर-दीड लिटर पाणी उडतं, पंखा असेल तर दुप्पट. उडतं ते फक्त पाणी, मीठ आतच राहतं. १०० लिटरमधले ५ लिटर उडाले की ३५ चा खारटपणा जवळपास ३७ होतो. म्हणून रोजची भर शून्य टीडीएसच्या गोड्या पाण्याने घाला, खाऱ्या पाण्याने कधीच नाही. काचेवर मार्करने एक रेघ ओढा आणि पाणी त्या रेघेवर ठेवा.

दगड, वाळू, लाटा

समुद्रातून दगड आणू नका. मालवणला गेलात आणि सिंधुदुर्गाच्या आसपास पाण्यात एखादा सुंदर खडक दिसला तरी हात लावू नका. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं आहे, आणि कायद्याचं पुढे येतंच. आपल्याला कृत्रिम सिरॅमिक दगड किंवा कोरडा ड्राय रॉक चालतो. ८ ते १० किलो पुरेत. जितका सच्छिद्र तितका चांगला, कारण त्याच भोकांत उद्या जिवाणू राहणार आहेत.

दगड आधी जमिनीवर, टँकच्या मापाचा वर्तमानपत्राचा कागद पसरून त्यावर रचून बघा. काचेपासून चार बोटं अंतर ठेवा, नाहीतर घासणी फिरणार नाही. दोन ढीग आणि मध्ये वाट, ही रचना दिसायलाही बरी. दगड थेट तळकाचेवर टेकवा आणि वाळू मागाहून टाका. वाळूवर रचलेला डोंगर खालून माशांनी उकरला की ढासळतो. वाळू अ‍ॅरगोनाइटची (कॅल्शिअम कार्बोनेटची), इंचभर थराची. नदीची किंवा बांधकामाची नको.

लाटांसाठी वेव्हमेकर लागतो. मऊ कोरलांना ताशी टँकच्या २० ते ३० पट पाणी फिरलं की पुरे, म्हणजे २००० ते ३००० लिटर. एकाच मोठ्या पंपाऐवजी समोरासमोर दोन लहान लावले तर एक बंद पडला तरी दुसरा फिरत राहतो. स्किमरचं, म्हणजे फेसातून घाण बाहेर काढणाऱ्या यंत्राचं, म्हणाल तर १०० लिटरच्या, दोन-तीन माशांच्या टँकला तो नसला तरी भागतं, दर आठवड्याला पाणी बदलणार असाल तर. मी पहिलं वर्ष स्किमरशिवाय काढलं.

दिवा निळा आणि पांढरा दोन्ही रंग वेगवेगळे कमी-जास्त करता येतील असा एलईडी घ्या. मऊ कोरलांना मध्यम प्रकाश पुरतो. ४० टक्क्यांवर सुरू करा, दिवसाला ८ तास. नवा दिवा पूर्ण ताकदीने लावून पहिल्याच आठवड्यात कोरल भाजून काढलेले लोक मी पाहिले आहेत.

विरजण

आता खरी परीक्षा. पाणी भरलं, दगड लागले, दिवा चमकतोय, मुलं विचारताहेत "मासे कधी?" अजून महिनाभर नाही.

दूध घेतलं म्हणजे दही झालं नाही, विरजण लागावं लागतं. इथेही तसंच. माशाची विष्ठा आणि उरलेलं खाणं यातून अमोनिया बनतो, तो विषारी. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. ही फौज दगडांत वस्तीला येईपर्यंत थांबायचं. पूर्वी लोक 'सायकल'साठी, म्हणजे हे जिवाणू वाढवण्यासाठी, स्वस्तातला एखादा मासा सोडत. तो अमोनियात तडफडत राही. असं करू नका.

बाटलीतले जिवाणू घाला आणि त्यांना खायला अमोनिया द्या. अमोनियम क्लोराइड म्हणजे आपला नवसागर, पण किराणा दुकानातला नको, प्रयोगशाळेच्या दर्जाचा घ्या. १०० लिटरला ०.६ ते ०.७ ग्रॅम घातला की अमोनिया २ पीपीएमच्या (दहा लाख भागांत दोन भाग) आसपास जातो. दिवा बंद, वेव्हमेकर चालू, तापमान २६-२७. दर तीन दिवसांनी टेस्ट किटने मोजा आणि आकडे वहीत लिहा. आधी अमोनिया उतरेल, मग नायट्राइट आभाळाला भिडेल आणि हटेचना असं वाटेल. त्या आठवड्यात बरेच लोक पाणी बदलतात, आणखी काही ओततात. काही करू नका. चार ते सहा आठवड्यांत, पुन्हा २ पीपीएम अमोनिया घातल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, की विरजण लागलं. मग २०-३० टक्के पाणी बदला आणि दिवा लावा.

दिवा लागला की आठवडाभरात सगळं तपकिरी होतं. वाळूवर, काचेवर, दगडावर चहाची पूड सांडल्यासारखा थर. हे डायटम, एक सूक्ष्म शैवाल. त्यामागून हिरवे केस, म्हणजे केसाळ शेवाळ. पांढराशुभ्र दगड असा घाण झालेला बघून जीव तुटतो, पण हा वयात येण्याचा काळ आहे, जातो. आता चार-पाच टर्बो गोगलगाई सोडा. साधारण सातव्या आठवड्यात एका रात्री दिवे बंद झाल्यावर मी टॉर्च मारला तर काचेवर रव्याच्या कणाएवढे पांढरे ठिपके झटके देत पळत होते. कोपेपॉड, झिंग्यांचे सूक्ष्म भाऊबंद. बायकोला हाक मारली. ती म्हणाली, "दीड महिन्याने हे आले?"

कायदा, मग कोरल

वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत सगळी कठीण, म्हणजे खडक बांधणारी प्रवाळं, समुद्रपंखे, काळी प्रवाळं, अग्निप्रवाळं आणि समुद्रघोडे आहेत. वाघ ज्या अनुसूचीत आहे, त्याच. शिक्षा किमान तीन वर्षं कैद. दुकानदार "अहो सगळेच ठेवतात" म्हणेल. नवख्याला तसंही कठीण कोरल जमत नाही, त्यांना कॅल्शिअम आणि अल्कलिनिटी (पाण्यातलं कार्बोनेटचं प्रमाण) रोज मोजून द्यावी लागते. त्यामुळे हा प्रश्न सोपा आहे: त्या वाटेला जाऊ नका. दुकानातून जे घ्याल त्याचं बिल, नावासकट, मागून घ्या.

मऊ कोरलांत करायला भरपूर आहे. मशरूम कोरल सगळ्यात सोशिक, सावलीतही वाढतं. लेदर कोरल मधूनच आठवडाभर मिटून बसतं, अंगावरची कात टाकतं आणि पुन्हा फुलतं, घाबरू नका. ग्रीन स्टार पॉलिप दिसायला हिरवळीसारखं, पण वाढायलाही हरळीसारखंच. मुख्य दगडावर लावलंत तर दोन वर्षांनी दुसरं काही उरणार नाही. त्याला वाळूवर वेगळा एकटा दगड द्या. झेनियाचंही तेच.

झोआ, म्हणजे बटणांसारखे झोअँथिड, सगळ्यांना आवडतात, रंगच तसे असतात. पण काही झोआंत आणि त्यांच्या भावंडांत पॅलिटॉक्सिन नावाचं अतिशय जहाल विष असतं. हातमोजे आणि चष्मा घालून हाताळा, डोळ्याला हात लावू नका. आणि झोआ लागलेला दगड कधीही गरम पाण्यात टाकू किंवा उकळू नका, वाफेतून विष छातीत जातं आणि अख्खं घर दवाखान्यात जाऊ शकतं.

पाण्याचे आकडे: अल्कलिनिटी ८ ते ९ डीकेएच (हे तिचंच एकक), आणि पीपीएममध्ये कॅल्शिअम ४०० ते ४५०, मॅग्नेशिअम १२५० ते १३५०, नायट्रेट ५ ते १०, फॉस्फेट ०.०३ ते ०.१. शेवटच्या दोन आकड्यांचं शून्य करायच्या मागे लागू नका. पाणी अगदीच उपाशी ठेवलं तर कोरल सुकतं आणि डायनोफ्लॅजेलेट नावाचा तपकिरी शेंबूड पसरतो. तो घालवण्यापेक्षा हिरवे केस परवडले.

मासे तीनच

एक क्लाउनफिशची जोडी आणि एक गोबी, हा तळाशी राहणारा छोटा मासा. बस. क्लाउनफिश टँकमध्ये जन्मलेलेच घ्या. केरळात विझिंजमला केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने त्यांचं प्रजनन यशस्वी केलं आहे, आणि आपल्या ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही हे काम चालतं. घरात वाढलेला मासा दाणा खातो, जाळीतून पकडलेला पुष्कळदा उपाशी मरतो. दोन लहान-मोठे निवडा. सगळे क्लाउन जन्मतः नर असतात, मोठा होतो तो मादी बनतो, त्यामुळे भांडण आपोआप मिटतं.

निळा टँग एक फुटापर्यंत वाढतो, तो नको. मँडरिन कोपेपॉड खातो आणि महिन्याभरात तुमचा साठा संपवून उपाशी मरतो, तोही नको. स्वस्त म्हणून कुर्ल्याच्या बाजारात हातात पडणारा डॅमसेल तर नकोच, तो टँकचा मालक होतो. अ‍ॅनिमोन, म्हणजे समुद्रफूल, वर्षभर विसरा. क्लाउनला त्याची गरज नसते.

प्रत्येक मासा आधी ४० लिटरच्या साध्या टबात चार आठवडे ठेवा. स्पंज फिल्टर, लपायला पीव्हीसीचा एल्बो, बास. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग एकदा मुख्य टँकमध्ये शिरला की तांब्याचं औषध तिथे घालता येत नाही, कारण गोगलगाई, झिंगे आणि कोरल मरतात. मग सगळे मासे बाहेर काढून टँक ७६ दिवस माशांविना ठेवावा लागतो. चार आठवडे स्वस्त पडतात. नवा मासा आणला की पिशवी २० मिनिटं पाण्यावर तरंगती ठेवा, मासा जाळीने उचलून सोडा आणि पिशवीतलं पाणी मोरीत ओता. टँकवर पारदर्शक जाळी बसवा, गोबी उडी मारतात.

झिंग्यांबद्दल एक स्वतःचं. आमच्या स्वयंपाकघरात झुरळांसाठी फवारणी झाली, टँक बाहेरच्या खोलीत म्हणून मी निर्धास्त होतो. दुसऱ्या सकाळी क्लीनर झिंगा पाठीवर पडलेला, पाय हलताहेत. संध्याकाळपर्यंत गेला. या औषधांत आणि डासांच्या लिक्विडमध्ये पायरेथ्रॉइड असतात, ते झिंग्यांना आणि माशांना फार थोड्या मात्रेत मारतात. सोसायटीत धूरफवारणीची गाडी आली की आता मी खिडक्या लावतो, हवेचा पंप बंद करतो आणि टँकवर ओली चादर टाकतो.

आठवड्याचं काम

रोज: तापमान, पाण्याची रेघ, चिमूटभर खाणं. रविवारी: १० लिटर पाणी बदलणं, काच घासणं, खारटपणा आणि अल्कलिनिटी मोजणं. नवं पाणी टँकच्याच तापमानाचं आणि खारटपणाचं असावं. अर्धा तास लागतो, चहा धरून पाऊण.

वीज गेली तर पहिली अडचण तापमानाची नसते, प्राणवायूची असते. लाट थांबली की काही तासांत मासे वर येऊन धापा टाकू लागतात. वीज गेली की आपोआप सुरू होणारा बॅटरीचा हवेचा पंप घ्या, किंवा एक वेव्हमेकर घरच्या इन्व्हर्टरला जोडा. डीसी वेव्हमेकर जेमतेम १० वॅट खातो, इन्व्हर्टरला कळणारही नाही. चिलर मात्र त्यावर लावू नका.

आणि गणपतीला गावी जाताना? पाच-सात दिवस बाष्पीभवनाचं पाणी आपोआप भरणारा ऑटो टॉप-अप आधी महिनाभर चालवून तपासा. निघायच्या आदल्या दिवशी काहीही नवं करू नका, ना मासा, ना औषध, ना फिल्टर धुणं. खाण्यासाठी शेजारच्या आजींकडे औषधांच्या गोळ्यांची वारांची डबी देतो, एका खणात एका दिवसाचे दाणे, एक दिवस रिकामा. पहिल्या वर्षी मी त्यांना नुसता डबा दिला होता. आम्ही परतलो तेव्हा पाणी दुधी झालं होतं आणि आजी म्हणाल्या, "बघावं तेव्हा तोंड उघडून समोर येतात रे, भुकेलेच वाटायचे." डबीवर आता मी चिठ्ठी लावतो: 'भुकेले दिसतील, देऊ नका.'